पीएचडीचा गाईड निवडताना त्याचे पेपर कसे बघावेत

"मॅडम, सहा हजाराच्या वर सायटेशन हायत की! ह्यांच्याकडंच अर्ज करते."

सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत एमएस्सी झालेली, न्यूरोसायन्समध्ये म्हणजे मेंदूच्या शास्त्रात पीएचडी करायची असलेली एक मुलगी मोबाइल माझ्यापुढे धरून सांगत होती. वडील पूर्व भागात टॉवेलच्या मागावर कामाला. शिकायला सोलापूरबाहेर जाणारी घरातली ही पहिलीच. ज्यांच्या हाताखाली पाच वर्षं काढायची, ते सर एका आकड्यावरून, म्हणजे त्यांच्या पेपरांचा इतरांनी आपल्या पेपरांत किती वेळा उल्लेख केला एवढ्यावरून, ठरवू नयेत म्हणून तिला बसवून घेतलं. मी इथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात 19 वर्षं आहे. न्यूरोसायन्स शिकलेली नाही, पण पेपर शोधून देणं हे माझं रोजचं काम. तिला जे दाखवलं तेच लिहिते.

आधी माणूस तोच आहे ना, याची खात्री करा. पबमेड या वैद्यकीय आणि जीवशास्त्रीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत आडनाव पाटील आणि आद्याक्षर एस टाकलंत तर सुनील, संगीता, शिवाजी सगळे एकाच ढिगात येतात. मी एकदा एका मुलाला अशीच घाईत यादी काढून दिली. त्यानं मेलमध्ये माशांच्या मेंदूवरच्या पेपरचं भरभरून कौतुक केलं आणि उलट टपाली एका ओळीचं उत्तर आलं, तो पेपर माझा नाही. त्याचा उतरलेला चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे. तेव्हापासून मी ऑर्किडचा (ORCID, प्रत्येक संशोधकाची वेगळी ओळख) 16 अंकी क्रमांक बघितल्याशिवाय यादी देत नाही. तो नसेल तर संस्थेच्या पानावरची यादी आणि सहलेखकांची नावं ताडून घ्या. गूगल स्कॉलर या गूगलच्या पेपर शोधण्याच्या सेवेत संशोधकाच्या प्रोफाइलवर पेपर आपोआपही जोडले जातात, त्यामुळे तिथे परक्याचा पेपर शिरलेला असू शकतो.

एच-इंडेक्स वहीवर स्वतः काढून बघा. जितक्या पेपरांना प्रत्येकी किमान तितकी सायटेशन आहेत, तो सगळ्यांत मोठा आकडा म्हणजे एच-इंडेक्स. हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं 2005 मध्ये सुचवलेलं हे माप. समजा पेपरांची सायटेशन उतरत्या क्रमानं 48, 30, 17, 9, 6, 5, 2 अशी आहेत. पाचव्या पेपरला 6 आहेत, म्हणजे पाचपेक्षा कमी नाहीत. सहाव्याला 5 आहेत, तिथे अडलं. एच-इंडेक्स 5. आता 48 च्या जागी 4800 लिहा, तरी उत्तर 5 च. वय वाढलं की हा आकडा कमी होत नाही, म्हणून तरुण संशोधकाची ज्येष्ठांशी त्यावरून तुलना करू नका. स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंट, म्हणजे तज्ज्ञांच्या तपासणीआधीच टाकलेले पेपरही मोजतं, त्यामुळे तिथला आकडा स्कोपस या निवडक जर्नलांच्या सूचीपेक्षा बहुधा मोठा दिसतो. दोन माणसांची तुलना एकाच ठिकाणच्या आकड्यांवर करा.

मग नावांचा क्रम. न्यूरोसायन्समध्ये साधारणपणे पहिलं नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं आणि शेवटचं प्रयोगशाळा चालवणाऱ्याचं असतं. आम्ही प्रत्येक पेपर उघडला. त्या सहा हजारांतली साडेचार हजार दोनच पेपरांची निघाली. दोन्हींत शंभरावर लेखक आणि हे सर मधे कुठेतरी. त्यात गैर काही नाही, मेंदूच्या स्कॅनचे मोठे अभ्यास असेच होतात. पण तिला शिकायचं होतं ते सरांच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत.

सायटेशन म्हणजे शाबासकी नव्हे. 'आम्हाला तसं आढळलं नाही' असं लिहिणाराही त्यात मोजला जातो. अल्झायमरवरचा 2006 चा 'नेचर'मधला एक पेपर दोन हजारांहून जास्त वेळा उद्धृत झाला आणि चित्रांत फेरफार आढळल्यामुळे 2024 मध्ये मागे घेतला गेला. म्हणून पेपरच्या पानावर मागे घेतल्याची सूचना आहे का, हे आधी बघा. उलट जॉन ओकीफ या मेंदूशास्त्रज्ञाचा, मेंदूतल्या जागा ओळखणाऱ्या पेशींवरचा 1971 चा पेपर जेमतेम पाच पानांचा. त्या शोधाला नोबेल मिळालं ते 2014 मध्ये. कमी सायटेशन असलेला ताजा पेपर बाजूला टाकण्याआधी तो वाचा तरी.

माझ्या मते सगळ्यांत मोलाचं काम शेवटी येतं. सरांचं नाव शेवटी असलेले गेल्या सात-आठ वर्षांचे पेपर काढा आणि प्रत्येकावरचं पहिलं नाव वहीत उतरवा. यांतले बरेचसे त्यांचे विद्यार्थी. पीएचडीत किती वर्षं गेली, पहिल्या नावाचा पेपर मिळाला का, आज ते कुठे आहेत, हे शोधा. जमलं तर एकाला मेल करून सरळ विचारा, सर वेळ देतात का?

त्या मुलीनं दोन प्रयोगशाळांची अशी दोन पानं भरली. सहा हजारवाल्या सरांच्या पानावर चार नावं आली. दुसरीकडे सायटेशन जेमतेम नऊशे, पण नावं अकरा, त्यांतली सात मुली. त्यांतल्या दोघींनी त्याच रात्री उत्तर दिलं.