बोअर आधी, भूमिपूजन नंतर: घर बांधायला काढण्यापूर्वीची तयारी

कागदपत्रांवर फार बोलत नाही. सातबारा, फेरफार, एनए, मंजूर नकाशा ही यादी कुठलाही आर्किटेक्ट तोंडपाठ म्हणून दाखवतो. फक्त सरकारी मोजणी टाळू नका आणि त्या दिवशी चारही बाजूंचे शेजारी हजर ठेवा. नकाशा मंजूर करताना बांधकाम खर्चाच्या १ टक्का कामगार उपकर भरावा लागतो, तोही अंदाजपत्रकात लिहा. स्वतः राहायच्या घराला ठरावीक खर्चापर्यंत तो माफ असतो: ही मर्यादा आधी १० लाख होती, नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ती ५० लाख आहे.

आता मुद्द्याचं. प्लॉटवर पहिली कुदळ पडायच्या आधी बोअर मारून घ्या. पायाच्या आधी. आमच्या सोलापुरात हद्दवाढ भागात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, नव्या कॉलनीत तर पाइपलाइनच पोचलेली नसते, तरी माणसं बोअर शेवटी ठेवतात. आम्हीही ठेवली होती. हिशोब असा की बोअर ही राहायला गेल्यावरची सोय, पैसे उरले की बघू. पैसे उरत नाहीत. बोअरच्या पैशाचे टँकर येतात आणि ते संपल्यावर बोअर मारावी लागते ती लागतेच.

पैसा सोडा, दुसरं कारण ऐका. बोअरवाले येतात ते दोन ट्रक घेऊन, एकावर मशीन आणि दुसऱ्यावर कॉम्प्रेसर. कॉलम उभे राहिले, खडी-वाळूचे ढीग पडले, कंपाउंड झालं की ते आत वळत नाहीत. मग बोअर कुठे घ्यायची ते भूजलवाला ठरवत नाही, पाणाड्याही ठरवत नाही, ट्रक ठरवतो.

शेजाऱ्याला पाणी लागलं म्हणून आपल्याला लागेलच असं समजू नका. आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे, पाणी त्याच्या भेगांत असतं, आणि भेग काही प्लॉटची हद्द बघून जात नाही. म्हणून बोअर कोरडी गेली तर टँकरचे किती, हा आकडा वेगळा लिहून ठेवा. फुटाचा दर ठरवताना केसिंग (बोअर ढासळू नये म्हणून घालतात तो पाइप) त्यात धरलंय की वेगळं, ते आधी विचारा. भांडणं तिथेच होतात.

पाणी लागलं की बाटलीभर घेऊन प्रयोगशाळेत द्या. बोअरचं पाणी बऱ्याचदा मचूळ असतं, ते आंघोळीला चालतं. सळईला चालेलच असं नाही. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे आरसीसीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर नको आणि सल्फेट ४०० च्या वर नको. जास्त निघालं तर काँक्रीटला टँकर लावा. कॉन्ट्रॅक्टर म्हणेल, "साहेब, या भागात सगळे हेच वापरतात." वापरतात, खरं आहे. त्यांच्या पॅराफिटच्या सळया गंजून प्लास्टर कसं फुगलंय, तेही जरा फिरून बघा.

आणि बोअरबरोबर मीटर. मोटर कशावर चालणार? महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन बांधकामाच्या दराने महाग पडतं, पण शेजाऱ्याच्या घरातून वायर ओढून वर्षभर संबंध टिकत नाहीत. बोअर, मोटर, मीटर आणि एक मोठी सिंटेक्स टाकी हे चारही भूमिपूजनाच्या आधी.

कर्ज काढणार असाल तर अजून एक. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्के मिळू शकतात. मिळू शकतात, मिळतील असं नाही. बँक बहुतेक वेळा आधी तुमचा हिस्सा घालायला लावते, मग काम होईल तसा हप्ता सोडते: जोतं झालं, स्लॅब झाला, प्लास्टर झालं. त्या टप्प्यांत "बोअर झाली" असा टप्पा नसतो. म्हणजे बोअर आणि मीटर खिशातल्या पैशाने, सगळ्यात आधी. ते बाजूला काढा आणि त्याला हात लावू नका, मुहूर्ताच्या जेवणासाठी तर अजिबात नाही.

कॉन्ट्रॅक्टरचा चौरस फुटाचा दर ऐकून त्याला क्षेत्रफळाने गुणलं की घराचा खर्च निघतो, हा भ्रम पहिल्या दिवशी सोडा. दर स्लॅबच्या मापावर आहे की कार्पेटवर? जिना, बाल्कनी, पोर्च पूर्ण धरणार की अर्धे? बहुतेक दरांत कंपाउंड, गेट, जमिनीखालची टाकी, सेप्टिक टँक, बाहेरची फरशी, ड्रेनेज, लोखंडी ग्रिल आणि बोअर धरलेलं नसतं. यातलं काय तुमच्या अंगावर आहे ते कागदावर, सहीसकट. आणि पाणी कोण पुरवणार, तेही. "पाणी-लाईट मालकाचं" ही ओळ प्रत्येक करारात असते आणि सही करताना तिच्याकडे कुणी बघत नाही.

माल तुम्ही देणार असाल तर ढोबळ हिशोब डोक्यात ठेवा. १००० चौरस फुटांना साधारण ४०० पोती सिमेंट आणि साडेतीन ते चार टन स्टील लागतं. कॉन्ट्रॅक्टरचा आकडा याच्या फार वर गेला तर आरसीसी कन्सल्टंटला विचारा, त्यालाच नाही. स्टील उतरवताना १२ मिमीची १२ मीटर सळई साधारण साडेदहा किलोच्या वर भरली पाहिजे. ट्रक तुम्ही निवडलेल्या काट्यावर घ्या. त्यांनी सुचवलेल्या नको.

पायाचा खर्च आधी सांगता येत नाही, हे मान्य करा. आमच्याकडे काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीला तडे देते. कडक मुरूम किती खाली आहे, ते कोपऱ्यात खड्डा घेऊन आधी बघा. हीच काढलेली काळी माती परत जोत्यात भरणारे असतात. भरू देऊ नका, मुरूमच. मुरूम थराथराने, पाणी मारून धुम्मस करायचा असतो. बघा, इथेही पाणी. एकूण अंदाजावर १० ते १५ टक्के राखीव ठेवा. त्यातले बरेचसे जोत्याच्या खालीच जातील.

वेळापत्रक. दसरा-दिवाळीनंतर काम सुरू करायचं आणि उन्हाळ्याच्या आत स्लॅब टाकायचा. म्हणायला सोपं. मध्ये वेळ अमावस्या येते, बिगारी शेतावर जेवायला जातात. मग सिद्धेश्वरची गड्ड्याची जत्रा येते, गवंडीही गायब. मुकादमावर ओरडून उपयोग नाही, कॅलेंडर समोर ठेवून दिवस धरा. एवढं करूनही मंजुरी लांबली की स्लॅब एप्रिलमध्ये येतो, पारा चाळिशीच्या वर, आणि तेव्हाच टँकरवाला फोन उचलत नाही.

का पाणी-पाणी करतोय, त्याचं गणित देतो. १००० चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब एम-२० प्रतीच्या काँक्रीटचा धरा. नुसत्या स्लॅबला पंचाण्णवएक पोती सिमेंट, पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी, म्हणजे तीन हजार लिटरच्या आत. याच्यासाठी सगळे टँकर मागवतात. आता त्याच स्लॅबवर आळी करून दोन इंच पाणी उभं करा. एका भरण्याला साधारण ४,७०० लिटर. एप्रिलच्या उन्हात ते उभं राहतं थोडंच? रोज भर घालावी लागते. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि पीपीसीला, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटला, १० दिवस पाणी पाहिजे. कोरड्या कडक उन्हात तेच १० आणि १४. बाजारात मिळतं ते बहुतेक पीपीसीच, म्हणजे १४ धरा. शिवाय कॉलमला गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवायचं, भिंतींवर मारायचं, प्लास्टरवर मारायचं. टँकरच्या भरवशावर असलात की चौथ्या दिवशी कुणीतरी म्हणतं, "झालं की आता, कडक झालंय." वरून कडक होतं. आत नाही. बोअर असली की मोटर चालू करायची, वाद संपला. म्हणून बोअर आधी.

स्लॅबच्या दिवशी पाण्याची टाकी काठोकाठ आणि एक जादा मोटर. मिक्सरवाला माल घट्ट झाला म्हणून त्यात पाण्याचा पाइप सोडेल, तिथे घरातलं कुणीतरी डोळ्यांत तेल घालून उभं राहा. सळईखालचे कव्हर ब्लॉक बघा. सेंट्रिंग काढायची घाई करू नका: साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस, बीमखालचे सहा मीटरपर्यंत १४, पीपीसी असेल तर त्याहून जास्त. सेंट्रिंगवाल्याला प्लेट दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात, ते त्याचं दुखणं.

सेप्टिक टँक बोअरपासून प्लॉटच्या अगदी विरुद्ध टोकाला. शेजाऱ्याची कुठे आहे तेही बघा. आणि हे ठरवायचं तर बोअरची जागा आधी ठरलेली हवी, नाही का?

इथून पुढचं थोडक्यात, कारण इथे पोचेपर्यंत पैसे आणि पेशन्स दोन्ही तळाला गेलेले असतात. वायरिंगच्या आणि प्लंबिंगच्या पाइपांचे फोटो प्लास्टरच्या आधी काढा, शेजारी टेप धरून. बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगवर फरशी बसवण्याआधी दोन दिवस पाणी तुंबवून खालून बघा, गच्चीचंही तसंच. फरशी थोडी जास्त घ्या, तीच छटा पुन्हा मिळत नाही. रंग, ओटा, खिडक्या, पंखे: घरातले ठरवतील, तुमचं कुणी ऐकणार नाही. दरवाजे पावसाळ्यात बसवू नका. भोगवटा प्रमाणपत्राचा अर्ज वास्तुशांतीच्या आधी. घरपट्टीची नोंद. आणि बांधकामाचं मीटर घरगुतीत बदलायचा अर्ज लगेच द्या, नाहीतर तुम्ही राहायला जाल आणि मोटर बांधकामाच्याच दराने फिरत राहील.