थायलंडमधील शहरे आणि बेटे: दीर्घ प्रवासाचा आराखडा कसा करावा

थायलंडच्या चार-पाच आठवड्यांच्या प्रवासाची आखणी करताना बहुतेक जण स्थळांच्या यादीपासून सुरुवात करतात. बँकॉक, चिआंग माई, फुकेट, समुई अशी नावे लिहून काढायची आणि मग ती नकाशावर रेघेने जोडायची, हा नेहमीचा क्रम आहे आणि तो उलटा आहे. या देशाच्या दक्षिण भागाला दोन समुद्र लागतात, पश्चिमेला अंदमान समुद्र आणि पूर्वेला थायलंडचे आखात, आणि या दोन किनाऱ्यांचा पावसाळा एकाच वेळी येत नाही. म्हणून आधी प्रवासाचा महिना पक्का करावा, त्या महिन्यात कोणता किनारा शांत असतो हे पाहावे आणि बेटे त्यानंतर निवडावीत.

महिना आणि किनारा

मे ते ऑक्टोबर या काळात नैऋत्य मोसमी वारे अंदमान किनाऱ्यावर थेट येऊन आदळतात. फुकेट, क्राबी, फी फी, लांता आणि दक्षिण टोकाकडचे लीपे ही सगळी बेटे आणि गावे या पट्ट्यात येतात. येथे खरी अडचण पावसाची नसते, कारण पाऊस बहुधा काही तास कोसळून थांबतो. अडचण लाटांची असते. लहान बोटींच्या फेऱ्या कमी होतात किंवा ऐनवेळी रद्द होतात, फुकेटच्या पश्चिमेकडील किनाऱ्यांवर पाण्याची ओढ इतकी वाढते की लाल झेंडे लावले जातात, आणि लांतासारख्या बेटावरची कित्येक हॉटेले हंगाम संपला म्हणून बंदच होतात. सिमिलन आणि सुरिन ही सागरी राष्ट्रीय उद्याने तर साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पर्यटकांना बंद असतात. फी फी ले बेटावरचा माया बे हा प्रसिद्ध किनारा पर्यटकांच्या गर्दीने प्रवाळाची हानी झाल्यामुळे २०१८ मध्ये बंद करण्यात आला होता. २०२२ मध्ये तो पुन्हा उघडला, पण आता दरवर्षी ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये त्याला विश्रांती दिली जाते आणि एरवीही तेथे पोहण्यास मनाई असते. केवळ या एका किनाऱ्यासाठी फी फीला जाणाऱ्याने हे आधीच लक्षात घ्यावे.

आखातातील समुई, फांगान आणि ताओ ही तीन बेटे द्वीपकल्पाच्या आडोशाला असल्याने जून ते ऑगस्टमध्ये तेथे हवामान बरेच बरे असते. त्यांचा पावसाळा ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो आणि नोव्हेंबरमध्ये तो सर्वात जोरात असतो, म्हणजे अंदमान किनारा उघडू लागतो नेमका तेव्हाच. यावरून सोपा हिशेब निघतो: जुलै-ऑगस्टमध्ये आखात, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अंदमान, आणि जानेवारीच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंत दोन्ही. या हिशेबात एक फसवी जागा आहे. कंबोडियाच्या सीमेजवळ, त्रात प्रांतात असलेली चांग, माक आणि कुट ही बेटे नकाशावर आखातात दिसतात, पण नैऋत्य मोसमी पाऊस त्यांनाही झोडपून काढतो. त्यामुळे ऋतूच्या दृष्टीने त्यांना अंदमानच्या रांगेत बसवावे.

उत्तरेचा प्रश्न वेगळा आहे. चिआंग माईच्या भोवतालच्या डोंगराळ भागात फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत शेतातील आणि जंगलातील आगींचा धूर साचतो आणि हवेची प्रत अतिशय खालावते. दम्याचा त्रास असलेल्यांनी या काळात उत्तर सरळ गाळावी. इतरांनीही शक्य असल्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा पूर्वार्ध हाच काळ निवडावा. १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष असते. उत्सव पाहण्यासारखा असतो, मात्र त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांत सारा देश गावाकडे निघालेला असल्याने गाड्यांची आणि बसची तिकिटे मिळणे कठीण होते.

मुक्काम किती आणि कोठे

दीर्घ प्रवास फसतो तो मुक्कामांच्या संख्येमुळे. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाणे नकाशावर तासाभराचे दिसते. प्रत्यक्षात हॉटेल सोडणे, धक्क्यापर्यंत पोहोचणे, बोटीची वाट पाहणे, उतरल्यावर पुन्हा वाहन शोधणे आणि खोली मिळेपर्यंत सामान सांभाळणे यात निम्म्याहून अधिक दिवस जातो. यासाठी प्रत्येक स्थलांतराचा एक पूर्ण दिवस खर्ची टाकावा आणि बेटावर चार रात्रींपेक्षा कमी मुक्काम शक्यतो ठेवू नये. आठवड्यात दोनपेक्षा अधिक वेळा सामान बांधावे लागत असेल, तर एक ठिकाण निर्दयपणे वगळावे.

उदाहरणादाखल, जानेवारीच्या मध्यावर सुरू होणाऱ्या पाच आठवड्यांच्या प्रवासाची मांडणी पाहू. सुरुवातीला बँकॉकमध्ये चार रात्री घ्याव्यात. त्यानंतर एक रात्र अयुथयात. हे शहर १३५० पासून १७६७ पर्यंत राजधानी होते आणि त्याचे अवशेष युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. ते बँकॉकपासून रेल्वेने दीड-दोन तासांवर असल्याने बरेच जण एका दिवसात जाऊन येतात, पण उन्हे उतरल्यावर सायकलवरून भग्न मंदिरे पाहायची असतील तर मुक्काम हवा. तेथूनच रात्रीची गाडी पकडून सकाळी चिआंग माई गाठावे आणि सहा रात्री राहावे. १२९६ मध्ये वसलेले खंदकाने वेढलेले जुने शहर, दोई सुथेपचे मंदिर आणि थायलंडमधील सर्वोच्च शिखर असलेले २,५६५ मीटर उंचीचे दोई इन्थानोन यांना एवढा वेळ पुरतो, आणि धूर सुरू होण्यापूर्वी उत्तर पाहून होते.

चिआंग माईहून दक्षिणेला रेल्वेने उतरण्याचा हट्ट धरू नये; तेथून विमानाने फुकेटला जावे. एक रात्र तेथे काढून बोटीने लांताला पाच रात्री राहावे. मग किनारा बदलण्याची वेळ येते. क्राबीहून आखाताच्या बाजूच्या सुरत थानीकडे दोन-तीन तासांचा रस्ता आहे आणि तो एका दमात ओलांडता येतो, पण वाट जराशी वाकडी करून खाओ सोक राष्ट्रीय उद्यानात दोन रात्री थांबणे मला अधिक पटते. समुद्रावर आठवडा घालवल्यानंतर चिओ लान जलाशयातील चुनखडीचे उभे कडे आणि पाण्यावर तरंगणाऱ्या खोल्या हा चांगला पालट असतो. पुढे फांगानला चार आणि ताओला चार रात्री, ताओहून चुम्फोनला बोटीने येऊन रात्रीच्या गाडीने बँकॉक, आणि तेथे शेवटच्या दोन रात्री. रेल्वेतील दोन रात्री धरून या एकतीस होतात. उरलेल्या चार रात्रींचे काहीही आगाऊ ठरवू नये. बोट रद्द झाली, ताप आला किंवा एखादे गाव फारच आवडले तर त्या कामी येतात.

फांगानच्या तारखा ठरवताना पंचांग पाहावे. हाद रिन किनाऱ्यावर पौर्णिमेच्या रात्री मोठी पार्टी भरते आणि तिच्या आगेमागे खोल्यांचे दर चढतात, काही हॉटेले किमान मुक्कामाची अट घालतात आणि बोटी भरून वाहतात. ज्यांना पार्टी हवी त्यांनी महिनाभर आधी खोली घ्यावी. ज्यांना शांतता हवी त्यांनी ते चार-पाच दिवस ताओवर घालवावेत.

गाड्या, बोटी आणि तिकिटे

बँकॉकहून लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या जानेवारी २०२३ पासून क्रुंग थेप अपिवात या नव्या स्थानकावरून सुटतात. जुन्या मार्गदर्शिकांमध्ये अजूनही हुआ लाम्फोंगचे नाव असते, त्यामुळे तिकिटावरचे स्थानक नीट वाचावे. शयनयानात खालची बर्थ अधिक रुंद असते, तिला खिडकी असते आणि ती वरच्या बर्थपेक्षा थोडी महाग असूनही आधी संपते. संध्याकाळी कर्मचारी येऊन समोरासमोरची आसने ओढून बर्थ तयार करतो, चादर अंथरतो आणि पडदा लावून देतो. वातानुकूलित डब्यात रात्री चांगलीच थंडी वाजते, म्हणून एक गरम कपडा सामानात न कोंबता हाताशी ठेवावा.

बेटांसाठी रेल्वे किंवा विमान, बस आणि बोट असे एकत्र तिकीट मिळते आणि ते घेणेच सोयीचे ठरते. सुरत थानीचे रेल्वे स्थानक शहराबाहेर फुनफिन येथे आहे आणि समुईच्या बोटी सुटणारा डोन साकचा धक्का तेथून बराच दूर आहे. एकत्र तिकीट नसेल तर ही मधली मजल स्वतः जुळवावी लागते. तिकीट असेल तर कंपनीचा माणूस प्रवाशाच्या शर्टावर बेटाच्या नावाचा रंगीत स्टिकर चिकटवतो आणि पुढे बसवाले, धक्क्यावरचे आणि बोटीवरचे कर्मचारी तो रंग पाहूनच माणसे हाकतात. हा प्रकार पहिल्यांदा विचित्र वाटतो, पण स्टिकर काढून टाकू नये. समुईला थेट विमान जाते, मात्र तो विमानतळ एका खासगी विमान कंपनीच्या मालकीचा असल्याने भाडे बरेच जास्त असते. सुरत थानीपर्यंत विमान आणि पुढे बस व बोट हा पर्याय वेळखाऊ पण स्वस्त आहे. परदेशी जाणारे विमान ज्या दिवशी असेल त्याच दिवशी बेटावरून निघण्याची योजना कधीही करू नये.

कागदपत्रे आणि पैसे

प्रवेशाचे नियम पासपोर्टनुसार बदलतात. जुलै २०२४ मध्ये थायलंडने ९३ देशांच्या नागरिकांना व्हिसाशिवाय ६० दिवसांचा प्रवेश दिला होता, पण अशा सवलती सरकार वेळोवेळी बदलते, त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी थाई वकिलातीच्या संकेतस्थळावर आपल्या देशाची सद्यःस्थिती तपासावी. १ मे २०२५ पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला आगमनापूर्वीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन कार्ड भरावे लागते. ते मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नाहीत. मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास दिवसाला ५०० बाट दंड होतो. तो भरून सुटका होत असली तरी त्याकडे मुक्काम वाढवण्याचा मार्ग म्हणून पाहू नये, कारण अधिकृत मुदतवाढ इमिग्रेशन कार्यालयात १,९०० बाट भरून मागता येते.

परदेशी कार्डावर एटीएममधून पैसे काढताना प्रत्येक वेळी सुमारे २२० बाट किंवा त्याहून अधिक शुल्क लागते, म्हणून थोडेथोडे काढण्यापेक्षा एकदाच मोठी रक्कम काढावी. यंत्र आपल्या देशाच्या चलनात रूपांतर करून देऊ का असे विचारते, तेव्हा नकार देऊन बाटच निवडावेत. लहान बेटांवर यंत्रे कमी असतात, तेव्हा बोटीत बसण्याआधी रोख रक्कम जवळ असावी.

प्रकृती आणि सुरक्षितता

बेटांवर स्कूटर सहज भाड्याने मिळते आणि परवाना न पाहताही दिली जाते. मात्र दुचाकीचा वैध आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते, आणि फांगान व ताओवरचे चढउतार नवशिक्याला झेपणारे नाहीत. प्रवास विमा घेताना दुचाकी आणि स्कूबा डायव्हिंग यांचा त्यात समावेश आहे का, हे अटी वाचून पाहावे. ताओवर डायव्हिंग शिकण्याचा बेत असेल तर आणखी एक बंधन पाळावे लागते: अनेक वेळा पाण्याखाली गेल्यानंतर किमान १८ तास विमानात बसू नये. वरच्या आराखड्यात ताओ शेवटी आणि त्यानंतर रेल्वे ठेवली आहे ती याच कारणाने.

डेंग्यूचे डास दिवसा चावतात, त्यामुळे डास पळवणारे मलम सकाळीच लावावे. माकडांना आणि भटक्या कुत्र्यांना हात लावू नये. चावा किंवा ओरखडा आल्यास जखम साबणाने धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. आखातातील काही किनाऱ्यांवर व्हिनेगरच्या बाटल्या टांगलेले खांब दिसतात. ते बॉक्स जेलीफिशच्या दंशावरील प्रथमोपचारासाठी असतात. सागरी उद्यानांमध्ये प्रवाळाला घातक रसायने असलेल्या सनस्क्रीनवर २०२१ पासून बंदी आहे, तेव्हा वेष्टनावरील घटक पाहून खरेदी करावी. ई-सिगारेट देशात नेणेही बेकायदा आहे. पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आणि रुग्णवाहिकेचा १६६९ आहे.

शाकाहारी प्रवाशांनी भाज्यांच्या पदार्थातही माशाचा सॉस असतो हे गृहीत धरावे. पिवळ्या झेंड्यावर लाल थाई अक्षरे असलेली दुकाने शोधावीत. तेथील ‘जे’ जेवणात मांस, मासे आणि अंडी नसतात, कांदा-लसूणही नसतो.

परतीचे दोन दिवस

बँकॉकचा राजवाडा आणि वाट फो हे मंदिर सुरुवातीच्या दिवसांतच पाहून घ्यावेत; राजवाड्यात सकाळी साडेआठला दार उघडताच जावे. खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर राजवाड्यात प्रवेश मिळत नाही. परतीच्या मुक्कामासाठी खरेदी राखून ठेवावी, म्हणजे ओझे महिनाभर वाहावे लागत नाही. चतुचक बाजार मुख्यतः शनिवार-रविवारी भरतो, त्यामुळे हे दोन दिवस आठवड्याच्या अखेरीस येतील असे पाहावे. शहराला दोन विमानतळ आहेत आणि त्यांच्यामध्ये रस्त्याने तासाभराहून अधिक वेळ लागू शकतो. सुवर्णभूमीला फाया थाईहून विमानतळ रेल्वे जाते, तर डोन मुआंगला क्रुंग थेप अपिवातहून लाल मार्गाची उपनगरी गाडी. हॉटेल निवडताना तिकिटावर यांपैकी कोणाचे नाव आहे ते पाहून त्या मार्गाच्या स्थानकाजवळची खोली घ्यावी.