फ्रॅक्टलचा प्रोजेक्ट करताय? मग या चुका टाळा

परवा भाची तिचा सायन्स एक्झिबिशनचा चार्ट घेऊन आली. वर मोठ्या अक्षरात 'निसर्गातील फ्रॅक्टल' आणि खाली सहा फोटो चिकटवलेले, मधाचं पोळं, सूर्यफूल, इरकल साडीचा काठ, कांद्याची चकती, नेच्याचं पान आणि फ्लॉवर. मी म्हटलं सहातले दोनच बरोबर हायत, तर जी फुगून बसली ती चहा होईस्तोवर बोलेना. मग म्हणाली, "मामा, इंटरनेटवर सगळं हेच येतंय." येतंय खरं, म्हणूनच लिहायला बसलोय.

पहिली आणि सगळ्यात कॉमन चूक हीच, की परत परत येतंय म्हणजे फ्रॅक्टल. नाही ओ, मोठ्या आकारात तसाच बारका आकार आणि त्या बारक्यात आणखी बारका असला तरच फ्रॅक्टल. मधाच्या पोळ्यातलं एक घर जवळनं बघा, आत आणखी बारकी घरं नसतात, मेणाची सपाट भिंत असते आणि विषय संपला. साडीच्या काठाचं तसंच, फरशीचं तसंच. कांद्यात नुसती एकात एक कडी. सूर्यफुलात बिया फिबोनाचीच्या (1, 1, 2, 3, 5, 8, मागचे दोन मिळवून पुढचा) हिशेबानं वळणावळणानं बसतात हे खरं, पण एक बी उचलून बघितली तर त्यात बारकं सूर्यफूल दिसतंय काय? फिबोनाची आणि त्यातनं येणारं गोल्डन रेशो हे प्रमाण हा वेगळा विषय आहे, त्याला आणि फ्रॅक्टलला वळणदार फोटो लागतात म्हणून लोक एकाच पोत्यात भरतात.

आता फ्लॉवर घ्या. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या मंडईतनं एक गड्डा आणला, त्याचा एक तुरा मोडला आणि भाचीच्या हातात दिला, ती म्हणाली हा तर बारका गड्डाच आहे. त्या तुऱ्याचा तुरा मोडला, तो पण तसाच. असं चार-पाच वेळा जमलं, मग हातात नुसता पांढरा चुरा. मोठ्यात बारकं, बारक्यात आणखी बारकं, ही खरी खूण. बेन्वा मांडेलब्रॉट हा आयबीएममध्ये काम करणारा गणिती, त्यानं 1975 साली लॅटिन 'फ्रॅक्टस' म्हणजे तुटलेला यावरनं फ्रॅक्टल हे नाव पाडलं, तर मोडून बघायची पद्धत तशी नावालाही धरूनच आहे.

आणि तो चुरा विसरू नका, कारण दुसरी चूक तिथंच होते, चार्टवर लिहितात 'निसर्गात हे अनंतापर्यंत चालते'. कुठं चालतं? आपल्या फुफ्फुसात श्वासनळीला साधारण 23 वेळा फाटे फुटतात, मग हवेच्या पिशव्या लागतात आणि थांबतं. पंचगंगेचंच बघा, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती, या मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते. भाचीनं निळ्या स्केचपेननं पाच रेघा ओढल्या आणि म्हणाली झालं फ्रॅक्टल. पाच रेघा म्हणजे हाताचा पंजा झाला. भोगावतीत येणारे ओढे, त्या ओढ्यात येणाऱ्या नाल्या, असं वर वर गेल्यावर तसंच झाड परत दिसायला लागतं, आणि शेवटी कुणाच्या तरी शेताच्या बांधावर ते संपतं.

किनाऱ्याची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते, बारक्या पट्टीनं मोजलं की लांबी वाढते. पण ती गंमत म्हणून सांगतात आणि सोडून देतात, तसं करू नका, पट्टी धरून मोजा. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञानं देशांच्या सीमांचे आकडे गोळा केले तेव्हा स्पेन-पोर्तुगालची एकच सीमा एकीकडं 987 किलोमीटर आणि दुसरीकडं 1214 किलोमीटर सापडली. खोटं कुणीच बोलत नव्हतं, मोजायची पट्टी वेगळी. त्याचंच काम धरून मांडेलब्रॉटनं 1967 साली ब्रिटनच्या किनाऱ्यावर लेख लिहिला. आपल्याकडं करायचं असेल तर पंचगंगेची वळणं घ्या, रंकाळा तलावाचा बांधीव काठ नको, तिथं पट्टी कितीही बारकी करा, लांबी फार हलणार नाही. आणि नकाशा एकाच झूमचा ठेवा, झूम बदलला की नकाशावाले वळणं आपोआप गुळगुळीत करतात, मग तुम्ही नदी सोडून त्यांचं सॉफ्टवेअर मोजत बसता.

कॉखची रेघ काढताना तर लई गोंधळ होतो. हेल्गे फॉन कॉख हा स्वीडिश गणिती, साल 1904. त्रिकोणाच्या प्रत्येक बाजूचा मधला तिसरा भाग खोडायचा आणि तिथं बाहेर तेवढ्याच दोन रेघांचं टोक काढायचं, मग प्रत्येक नव्या बाजूवर परत तेच. मधला भाग खोडायला विसरतात, मग ती चांदणीवर चांदणी होते. दुसरं म्हणजे बाजू 10 सेंटिमीटर घेतात, 3.33 आलं की पोरं घाईला येतात. 27 घ्या. मग तुकडे 9, 3, 1 असे सुरेख पडतात आणि परिमिती 81, 108, 144, 192 अशी येते, दर वेळी चार तृतीयांश पट. याला अंत नाही म्हणून पोरं लिहितात की क्षेत्रफळही अनंत. ते मात्र पहिल्या त्रिकोणाच्या 8/5 पटीपलीकडं कधीच जात नाही, सगळी चांदणी एका चार्टपेपरात बसते हे समोर दिसत असताना पण लिहितात!

मिती म्हणजे डायमेन्शनबद्दल थोडक्यात, साध्या रेघेची 1, भरलेल्या डागाची 2. 'फ्रॅक्टलची मिती अपूर्णांकातच असते' हे चूक आहे. कॉखच्या रेघेची 1.26 येते, सिअरपिन्स्कीच्या त्रिकोणाची (त्रिकोणातनं मधला उलटा त्रिकोण खोडायचा, उरलेल्या तिन्हींत परत तेच) 1.585, पण तोच त्रिकोण पिरॅमिडसारखा केला, म्हणजे निम्म्या मापाच्या चार प्रती, तर मिती बरोबर 2 येते. तरी ते फ्रॅक्टलच.

ही मिती फोटोवरनं काढायला चौकटी मोजतात. चौकट निम्मी केली की किती पट चौकटी भरल्या ते बघायचं, साध्या रेघेला 2 पट म्हणजे मिती 1, भरलेल्या डागाला 4 पट म्हणजे मिती 2, मध्ये काही आलं, समजा 2.4 पट, तर मिती साधारण 1.26. सोपं वाटतंय ना, इथंच मार खातात. नदीची रेघ 5 पिक्सल जाड आणि चौकट 2 पिक्सलची असेल तर तुम्ही निळा पट्टा मोजताय, उत्तर 2 कडं सरकणार. चौकट फार मोठी घेतली तर सगळ्याच भरतात, परत 2 कडं. मधला पट्टाच कामाचा, आणि तो पट्टा फार छोटा असतो. 1998 साली 'सायन्स' मासिकात काही जणांनी छापलेल्या फ्रॅक्टल मोजमापांची झडती घेतली तर सगळ्यात मोठं आणि सगळ्यात बारकं माप यात सरासरी साधारण 20 पटीचाच फरक निघाला. म्हणजे मोठमोठे लोकही यात घसरलेत, तुम्ही चार चौकटींवर सरळ रेघ मारून टाळ्या मागू नका.

मेरुप्रस्तार, ज्याला पुस्तकात पास्कलचा त्रिकोण म्हणतात (वरचे दोन आकडे मिळवून खालचा), तो हलायुधानं 10व्या शतकात पिंगलाच्या छंदशास्त्रावर लिहिलेल्या भाष्यात आहे. त्यातले विषम आकडे रंगवले की सिअरपिन्स्कीचा त्रिकोण उमटतो, करून बघा, भारी दिसतं. फक्त ओळी 8, 16, 32 अशाच घ्या. 16 ओळींत 136 आकडे, त्यातले 81 विषम. 13 ओळींवर थांबलात तर खाली अर्धवट तुटलेले दात दिसतात आणि वाटतं गणित चुकलं. आणि यावरनं 'आपल्या पूर्वजांना फ्रॅक्टल माहीत होते' असं कृपा करून लिहू नका. आकडे त्यांचे, रंग आपण मारलेत.

देवळांबाबतही हात जरा आखडता घ्या. सिन्नरच्या गोंदेश्वराचं शिखर भूमिज पद्धतीचं, अंगावर बारक्या शिखरांच्या रांगाच्या रांगा, बघताना हाच शब्द तोंडात येतो. पण प्रती किती पायऱ्या उतरतायत ते मोजा. एक-दोन पायऱ्यांत दगड संपतो. 'फ्रॅक्टलसारखी रचना' लिहा, कुणी अडवणार नाही.

राहिलं कॉम्प्युटरवरचं मांडेलब्रॉटचं चित्र, त्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे एक आकडा. शून्यापासनं सुरू करायचं, वर्ग करायचा, त्यात आपला आकडा मिळवायचा, ही एक फेरी, मग परत वर्ग. उत्तर 2 च्या पलीकडं गेलं, म्हणजे पळालं, की तो आकडा बाहेरचा, कधीच पळालं नाही तर आतला, आणि आतल्या सगळ्यांचा मिळून संच, तो काळा रंगवतात. भाचीनं फेऱ्यांची मर्यादा 100 ठेवली होती आणि चित्र सुजल्यासारखं दिसत होतं. का, ते बघा: साध्या आकड्यांच्या (रिअल नंबरच्या) रेषेवर संच उजवीकडं 0.25 ला संपतो. 0.26 टाकला तर तो 30 फेऱ्यांत पळतो. 0.2501 ला 312 लागतात, 0.250001 ला 3140. म्हणजे 100 फेऱ्यांना 0.2501 अजून आतच बसलेला दिसतो, बाहेरचा असून काळा. मर्यादा वाढवली की सूज उतरली. (30, 312, 3140 हे आकडे बघून काही आठवलं काय? पायच (π, 3.14) आहे तो.) फार झूम केल्यावर चित्राचे ठोकळे झाले तर मात्र फेऱ्या वाढवून उपयोग नाही, कॉम्प्युटर दशांश आकडे साठवतो त्या नेहमीच्या पद्धतीत, म्हणजे साध्या डबल प्रिसिजनमध्ये, जेमतेम 15-16 आकडे बसतात, ते संपले की सगळे शेजारी एकच होतात.

आणि ते भडक रंग म्हणजे संच नव्हे. रंग फक्त एवढंच सांगतात की बाहेरचा आकडा किती फेऱ्यांत पळाला. हे भाचीला काही केल्या पटेना. शेवटी झेरॉक्सवाल्यानं चुकून ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट मारून दिली, ती दुकानातच रडायला लागली, आणि मी बघतोय तर मधला काळा भाग जसाच्या तसा आलेला, बाहेर नुसता करडा धूर. दुसरे पंधरा रुपये मी दिले नाहीत, तीच चिकटवली.