धक्क्यावरून बोटीत वीज घेताय? या चुका टाळा

बोट बांधतो ती जागाही धक्का आणि वीज लागली की बसतो तोही धक्काच. भाषेनं इतकं स्पष्ट सांगून ठेवलंय, तरी पेडेस्टलचा (धक्क्यावरच्या वीज देणाऱ्या खांबाचा) खटका चालू ठेवूनच केबल ओढत नेणारे, ओल्या हातानं प्लग खुपसणारे लोक मला सारखे दिसतात. दोर नीट आवळलेला नसतो, पण फ्रीज मात्र तिथल्या तिथे चालू व्हायला हवा. मग काही बिनसलं की पहिला आरोप पेडेस्टलवर. तो कधीकधी खरा असतोही. पण खटका पुन्हापुन्हा पडत असेल, तर तो काय सांगतोय हे ऐकायचं सोडून त्याचं तोंड बंद करायच्या मागे लागणारे बघितले, की माझा तोल जातो.

खटका पडतो म्हणून अर्थिंग काढून टाकणं

हा माझा सगळ्यात मोठा राग, म्हणून आधी हाच.

एका ओळखीच्या गृहस्थांच्या बोटीवर चार्जर चालू केला की धक्क्यावरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा खटका) पडायचा. रोज. त्यांनी चार्जर बदलला. नवाही तसाच. दुकानदाराशी भांडून दुसऱ्या कंपनीचा आणला, तोही तसाच. तेव्हा कुणा हुशार माणसानं सल्ला दिला, ‘प्लगमधली हिरवी वायर सोडवा.’ सोडवली आणि खटका पडायचा थांबला. सगळे खूश. मला बोलावलं ते वेगळ्याच कामाला, पंप आवाज करतो म्हणून. मी सवयीनं प्लग उघडला आणि पंप बाजूलाच राहिला.

दोष चार्जरमध्ये नव्हताच, गिझरमध्ये होता. आणि गिझरचा खटका तर महिनाभर बंद होता! गोम इथेच आहे. बोटीवरच्या फाट्यांचे, म्हणजे वेगवेगळ्या सर्किटांचे, खटके बहुधा एकपदरी असतात, ते फक्त फेज तोडतात. न्यूट्रल जोडलेलाच राहतो. या गिझरच्या एलिमेंटचं आवरण फुटून न्यूट्रलकडचं टोक टाकीला, म्हणजेच अर्थला लागलं होतं. गिझर बंद असताना त्यात करंट जात नसल्यानं कुणाला काही कळायचं नाही. पण चार्जर चालू झाला, की त्याच्या परतीच्या करंटला दोन वाटा मिळायच्या. काही न्यूट्रलमधून, काही गिझरवाटे अर्थमधून. आरसीसीबी जाणारा आणि येणारा करंट ताडून बघतो. फरक ३० मिलिअँपिअरच्या आसपास गेला की तो तोडतो. तो त्याचं काम चोख करत होता, शिव्या मात्र चार्जर खात होता.

अर्थिंग सोडल्यावर काय झालं? दोष तसाच राहिला, फक्त ओरडायला कुणी उरलं नाही. बोटीचा सगळा धातू, म्हणजे टाकी, इंजिन, शाफ्ट, पाण्यातला पंखा, एकमेकांना जोडलेला असतो. त्या अवस्थेत एखादा दोष फेजच्या बाजूला झाला असता, तर हा सगळा धातू जिवंत होऊन करंट पाण्यात उतरला असता. गोड्या पाण्यात तर हे फारच वाईट, कारण माणसाचं शरीर त्या पाण्यापेक्षा वीज चांगली वाहून नेतं. दहा-पंधरा मिलिअँपिअरनंही स्नायू आखडतात, पोहता येणारा माणूस हात न हलवता बुडतो, आणि अंगावर खूणही राहत नाही. म्हणून बोटी वीज घेत असतील त्या धक्क्यावर पोहायचं नाही. पोरांनी कितीही हट्ट केला तरी नाही.

माझी शोधायची पद्धत कंटाळवाणी आहे. बोटीचा मेन बंद करून फक्त केबल जोडायची. तरीही खटका पडला तर दोष केबलमध्ये किंवा बोटीवरच्या सॉकेटात. नाही पडला, तर सगळे फाटे बंद ठेवून मेन चालू करायचा आणि एकेक फाटा घ्यायचा. ज्या फाट्यावर पडला तोच गुन्हेगार असं लगेच समजायचं नाही, हे वर आलंच. तिथून पुढे पेडेस्टलवरून केबल काढून, एकेका उपकरणाचे न्यूट्रल सोडवून अर्थशी मेगरनं (जास्त दाब देऊन इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरनं) मोजायचं. एक मेगाओमच्या खाली काही दिसलं तर मी ते उपकरण परत जोडत नाही. साधा मल्टीमीटर इथे फसवतो. त्याचा दाब काही व्होल्टचाच, आणि ओल आलेलं एलिमेंट एवढ्यावर तोंड उघडत नाही. चार्जर, इन्व्हर्टर यांच्या फिल्टरमधून थोडा लीकेज कायम असतो, तोही बेरजेत धरा. चार भल्या उपकरणांनी मिळूनही खटका पाडता येतो.

अर्थिंग तोडायचं दुसरं कारण लोक सांगतात ते जस्ताचं, म्हणजे बोटीचा बाकीचा धातू वाचावा म्हणून स्वतः झिजायला लावलेल्या ठोकळ्यांचं. ‘केबल लावली की जस्ताचे ठोकळे महिन्यात संपतात.’ बरोबर आहे. अर्थच्या वायरमुळे तुमची बोट शेजारच्या सगळ्या बोटींना जोडली जाते. वेगवेगळे धातू, मध्ये पाणी, म्हणजे एक मोठी बॅटरीच तयार झाली, आणि तिच्यात तुमचं जस्त झिजतं. त्यावर उपाय गॅल्व्हॅनिक आयसोलेटर. त्यातले डायोड साधारण १.२ व्होल्टपर्यंतचा डीसी अडवतात आणि खरा बिघाड झाला तर एसी जाऊ देतात. खर्च करायची तयारी असेल तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, तो किनाऱ्याच्या तारांशी थेट जोड न ठेवता बोटीला वीज देतो. जस्त वाचवायला अर्थिंग तोडणाऱ्याला मात्र मी बोटीवरच्या कामाला हात लावू देणार नाही.

जळका प्लग बदलला, सॉकेट तसंच ठेवलं

प्लगची एक पिन काळी पडली, प्लास्टिक वितळलं, नवा प्लग आणून लावला. पंधरा दिवसांनी नवाही काळा. मग ‘हल्ली माल चांगला येत नाही’ हे ठरलेलं वाक्य.

पिन ज्यात बसते ती सॉकेटातली पत्ती एकदा तापली की तिचा ताण जातो. ती नव्या पिनेला धरतच नाही. सांधा ढिला आणि वर काजळी. समजा तिथे अवघा ०.२ ओहमचा अडथळा तयार झाला. १६ अँपिअर चालू असताना १६ × १६ × ०.२, म्हणजे ५१ वॅट उष्णता त्या एका पिनेच्या टोकाशी. सोल्डरिंग आयर्न साधारण एवढ्याचंच असतं. आणि खटका पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नाही. खटक्याला अँपिअर कळतात, ढिला सांधा कळत नाही. बोटींना लागलेल्या आगी अनेकदा इथूनच सुरू होतात.

म्हणून प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. जोडी आहे ती. काजळी पॉलिश पेपरनं घासून काढणारे भेटतात. त्यात वरचा मुलामा निघून जातो आणि पिन आणखी लवकर काळी पडते. माझी सवय अशी: पूर्ण लोड देऊन अर्ध्या तासानं प्लगच्या पाठीवर हात ठेवायचा. कोमट असेल तर चालेल. हात ठेवता येत नसेल तर गप्पा थांबवायच्या आणि पेडेस्टलचा खटका पाडायचा. वळवून लावायचा प्लग असेल तर पूर्ण वळवा, वरची रिंग आवळा. लाट आली की बोट केबलला हिसका देते, आणि अर्धवट लागलेला प्लग तोच हिसका पिनेवर घेतो.

केबल गुंडाळून ठेवून वापरू नका, आतली वेटोळी तापतात. घरातली एकतारी वायर बोटीत ओढू नका. हादऱ्यांनी ती तुटते. कल्हई केलेली बहुतारी तांब्याची वायर आणि नीट दाबलेले लग्ज (वायरच्या टोकाला बसवायचे धातूचे कान), वायर पिळून वर टेप नाही.

उलट्या पोलॅरिटीचा दिवा लागला आणि तुम्ही त्यावर चिकटपट्टी लावली असेल (पाहिलंय मी), तर ती काढा. फेज न्यूट्रलच्या जागी आला, की एकपदरी खटका बंद करूनही उपकरण जिवंत राहतं. बहुतेकदा दोष घरी बनवलेल्या अॅडॉप्टरमध्येच सापडतो. न्यूट्रल आणि अर्थ बोटीवर जोडू नका, ती गाठ धक्क्यावर आधीच मारलेली असते. जनरेटर किंवा इन्व्हर्टरवर असताना ती गाठ त्यांच्यापाशी हवी, आणि किनाऱ्याची वीज आली की सुटायला हवी. इन्व्हर्टरमधला ही गाठ सोडवणारा रिले (आपोआप चालणारा स्विच) अडकला तर प्लग लावताक्षणी खटका पडतो. रिकाम्या गिझरला वीज देऊ नका. एलिमेंट फुटलं की काय होतं ते वर वाचलंतच.

जोडताना पेडेस्टलचा खटका बंद ठेवून आधी बोटीकडचं टोक लावा, मग धक्क्याकडचं, मग खटका. काढताना बरोबर उलटं. नाहीतर एक दिवस जिवंत टोक हातातून सुटून पाण्यात जाईल.

आणखी एक सवय, जी मला कुणी शिकवली नाही पण शिकवायला हवी होती. मिलिअँपिअर दाखवणारा क्लॅम्प मीटर अख्ख्या केबलभोवती लावून बघा, फेज, न्यूट्रल, अर्थ सगळे एकत्र. सगळा करंट केबलमधूनच जात-येत असेल तर आकडा शून्याजवळ यायला हवा. काही उरलं तर ते पाण्यातून चाललंय. मग दोन्ही ध्रुव (फेज आणि न्यूट्रल) तोडणारा तुमचा मेन बंद करा. आकडा गेला तर दोष तुमचा. नाही गेला तर कुणाची तरी वीज पाण्यातून येऊन तुमच्या अर्थमधून परत चालली आहे. अशा वेळी एकेका बोटीच्या केबलला क्लॅम्प लावत धक्काभर फिरावं लागतं. आणि ज्याच्याकडे सापडतं, तो हमखास म्हणतो, ‘पण माझ्याकडे तर सगळं चालू आहे!’