ऊद बघायला चोडणला निघालात? या चुका टाळा

गोव्यातल्या चोडण बेटावर अख्खा दिवस घालवून एकही ऊद, म्हणजे पाणमांजर, न बघता परतलेली मंडळी मला दर हिवाळ्यात भेटतात. बहुतेकांची चूक एकच असते. रविवार बघून गाइड ठरवलेला असतो, पाणी बघून नाही.

मांडवीकाठच्या या खाजणांत, म्हणजे बांध घातलेल्या खाऱ्या पाणथळ जमिनींत, सगळं भरती-ओहोटीवर चालतं. ओहोटी लागली की चिखल दूरवर उघडा पडतो आणि चिखले, तुतवार हे पक्षी पांगून दुर्बिणीतही नुसते ठिपके दिसतात. पाणी चढू लागलं की चिखल आक्रसतो, आणि तेच पक्षी टिपता टिपता काठाकडे सरकतात. उदांना हवी पहाट आणि निवांतपणा. म्हणून उजाडताना पाणी चढतं असेल असाच दिवस निवडा. कोकणातला जुना हिशेब कामी येतो: तिथीची पाऊणपट म्हणजे अंदाजे भरतीची वेळ. द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. द्वादशीपासूनचे हे तीन-चार दिवस उत्तम. नेमकी वेळ मात्र भरतीच्या तक्त्यात बघून घ्या, आणि रायबंदरची फेरीबोट अंधारातच गाठा.

गावात चौकशी करताना ‘उदमांजर’ म्हणू नका. ते झाडावर चढणारं निशाचर जनावर, वेगळंच. आपल्याला हवा तो ऊद, म्हणजेच पाणमांजर.

नजर सतत पाण्यावर लावून बसणं, ही नवख्यांची हमखास चूक. आधी बांध बघा. माशांचे खवले, खेकड्याच्या कवचाचे तुकडे असलेली, उग्र माशळ वासाची विष्ठा ओली असेल तर ऊद नुकतेच येऊन गेलेत. मानशीकडेही लक्ष ठेवा. बांधातल्या या दारातून पाणी आत-बाहेर होतं, तिथे मासे गोळा होतात, म्हणून बगळे आणि खंड्याही तिथेच. अशा जागेपासून लांब, खारफुटीच्या आडोशाला गप्प बसा. तासभर तरी. दर दहा मिनिटांनी जागा बदलणाऱ्यांना काहीच दिसत नाही. पाण्यात पाय सोडून मात्र बसू नका. शेजारच्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत.

होडीत असाल तर ‘अजून जरा जवळ घ्या’ म्हणून नावाड्याच्या मागे लागू नका. उदांनी माना उंच करून आपल्याकडे रोखून बघायला सुरुवात केली, की आपण फार जवळ आलोय. तिथूनच मागे फिरा. सोबत पिल्लं असतील तर इतकंही जवळ जाऊ नका.

शेवटची चूक घरी आल्यावर होते. गुळगुळीत केसांच्या या उदाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2019 साली बंदी आली, कारण पाळण्यासाठी पिल्लं चोरली जात होती. फोटो जरूर टाका, पण आधी त्यातलं ठिकाण काढून टाका, आणि बिळाचा फोटो तर काढूच नका.