इतिहासाचे दीर्घोत्तर कसे तयार करावे

उच्च माध्यमिक स्तरावर इतिहास घेणारे बरेच विद्यार्थी पहिले काही महिने सनावळी पाठ करण्यात घालवतात आणि मग सगळ्या तारखा बरोबर असूनही गुण का कापले गेले, हे त्यांना उमगत नाही. या पातळीवर परीक्षक मुख्यतः कार्यकारणभाव तपासतो. म्हणून धड्याला हात घालण्याआधी प्रश्न नीट वाचावा. ‘पहिल्या महायुद्धाला जर्मनी कितपत कारणीभूत ठरली?’ या प्रश्नातला ‘कितपत’ हा शब्द अधोरेखित करावा, कारण तो नुसती हकीकत मागत नाही, मोजमाप मागतो.

हाच प्रश्न घेऊ. २८ जून १९१४ रोजी साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाचे युवराज फ्रान्झ फर्डिनांड यांची हत्या झाली आणि २८ जुलैला ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले. मधल्या महिन्याचे टिपण तीन रकान्यांत काढावे : तारीख, निर्णय, आणि निर्णय घेणाऱ्यापुढे दुसरा कोणता मार्ग खुला होता. तिसरा रकाना भरताना हात अडखळतो. अभ्यासाचा बराचसा वेळ तिथेच द्यावा. जर्मनीने ५ व ६ जुलैला ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंब्याचे आश्वासन दिले, ही नोंद एका बाजूला झुकते. ३० जुलैला रशियाने संपूर्ण सैन्य सज्ज करण्याचा हुकूम काढला, ही नोंद जबाबदारी विभागून टाकते. दोन्हींचे वजन ठरवून आपला कौल पहिल्याच परिच्छेदात द्यावा. तो शेवटपर्यंत राखून ठेवणे रहस्यकथेला शोभते, उत्तरपत्रिकेला नाही.

साधने, म्हणजे त्या काळातले मूळ दस्तऐवज, वाचताना अधिक सावध राहावे लागते. १९१९ च्या व्हर्सायच्या तहातील कलम २३१ युद्धातील हानीची जबाबदारी जर्मनी व तिच्या साथीदारांवर टाकते. त्यावरून जर्मनीला दोषी ठरवून मोकळे होणे ही नेहमीची चूक. आणि ‘पक्षपाती’ असा शिक्का मारून साधन बाजूला सारणे ही त्याहून आळशी चूक. हे कलम नुकसानभरपाईच्या भागातले पहिलेच कलम आहे. त्यामुळे १९१४ मध्ये काय घडले याचा पुरावा म्हणून ते दुबळे ठरते, पण भरपाईच्या मागणीला विजेत्यांनी कोणता कायदेशीर पाया घातला हे दाखवायला ते भक्कम आहे.

आठवड्यातून एक उत्तर घड्याळ लावून लिहावे. दुसऱ्या दिवशी त्यातील प्रत्येक परिच्छेदाचे केवळ पहिले वाक्य सलग वाचावे; तेवढ्यावरून युक्तिवाद कळत नसेल, तर जिथे धागा तुटला तो परिच्छेद पुन्हा लिहावा.