शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत प्रत्येक पालकाला बोलता यावे यासाठीची तयारी

शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक आणि 50 टक्के सदस्य महिला असणे बंधनकारक आहे; तरीही अनेक ठिकाणी बोलतात ते मुख्याध्यापक आणि गावातली दोन-चार जाणती मंडळी, आणि बाकीच्यांच्या सह्या रजिस्टर घरोघरी फिरवून घेतल्या जातात. हे बदलायचे असेल तर तयारीला सभेच्या आठवडाभर आधीच लागावे.

सर्वांत आधी वेळ ठरवावी, आणि ती पालकांना विचारून ठरवावी. सकाळी अकराची सभा म्हणजे मजुरीला जाणाऱ्या बाईचा त्या दिवसाचा रोज बुडतो, म्हणून सायंकाळची वेळ धरावी आणि बाजाराचा दिवस टाळावा. बीडसारख्या जिल्ह्यांतली ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. गावात मागे राहणाऱ्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहाचा आणि मुलांच्या हजेरीचा विषय त्यांच्या जाण्याआधीच्या सभेतच घ्यावा, कारण ज्यांचा प्रश्न आहे ते नसताना झालेली चर्चा त्यांच्या उपयोगाची नाही. नंतरच्या सभांना त्यांच्यापैकी कुणाला तरी फोन लावून स्पीकरवर घ्यावे.

विषयपत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून थांबू नये. ती शाळेच्या फळ्यावर लिहावी आणि मुलांच्या हाती चिठ्ठीनेही पाठवावी. ‘संयुक्त शाळा अनुदानाचा विनियोग’ असे लिहिण्याऐवजी ‘शाळेला आलेले पैसे कशावर खर्च करायचे’ असे लिहिले, तर पालक घरून विचार करून येतात. मेळघाटात कोरकू किंवा धडगाव भागात पावरा बोलणाऱ्या पालकांसाठी दुभाषी म्हणून गावातलाच विश्वासाचा माणूस आधी नेमावा. हे काम शिक्षकांकडे देऊ नये, कारण तक्रार शाळेविषयीच असू शकते.

खोली तळमजल्यावरची आणि दाराशी उतार (रॅम्प) असलेली निवडावी, लहान मुलांना सांभाळायला कुणीतरी असावे. बसण्याची व्यवस्था मात्र बारकाईने पाहावी: पदाधिकारी खुर्च्यांवर आणि आया दाराजवळ सतरंजीवर अशी मांडणी असेल तर मागून आवाज उठत नाही, म्हणून सर्वांनी एकाच पातळीवर गोल बसावे. चारचौघांत बोलायला संकोच वाटणाऱ्यांचे प्रश्न अंगणवाडी सेविकेने किंवा एखाद्या सदस्य महिलेने आदल्या दिवशी लिहून घ्यावेत आणि अध्यक्षांनी ते नाव न घेता वाचावेत.

पालकांचे प्रश्न ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून शेवटी ढकलू नयेत. तोवर निम्मे लोक उठून गेलेले असतात. मागच्या सभेचे इतिवृत्त कायम करून झाल्यावर पहिला विषय तोच ठेवावा. कुणी बोलत असताना मध्ये तोडू न देण्याची जबाबदारी अध्यक्षांवर आहे, हे त्यांना आधीच सांगून ठेवावे.

रजिस्टरात प्रश्न, मिळालेले उत्तर, काम कोण करणार आणि कधीपर्यंत, हे सारे लिहावे आणि सह्या घेण्यापूर्वी मोठ्याने वाचून दाखवावे. जे उत्तर त्या दिवशी देता आले नाही, ते पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत त्याच वेळी नोंदवून घ्यावे.